पोटावरची लाल कमान

शलाका गोसावीला जेवायला बोलावलं की त्या घरात आदल्या दिवसापासून ताण असतो. दही कधी विरजलं, खवा कुठून आणला, मासे फ्रीजबाहेर किती वेळ होते, हे सगळं ती विचारते, आणि तेही ताट पुढ्यात आल्यावर. मागच्या गणपतीत माझ्या मोदकाचं सारण हुंगून तिने भर पंगतीत विचारलं, "नारळ कधी फोडलास गं?" देवासमोर मी गप्प बसले. मनातल्या मनात मात्र तिला जे जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

ती सर्जन आहे. मूळची नाशिकची, आणि कुवेतमधल्या एका सरकारी हॉस्पिटलात बरीच वर्षं नोकरी करते. मोठं पद नाही की गाजावाजा नाही. सकाळी जायचं, कापायचं, शिवायचं, घरी येऊन भाजी निवडायची. नवरा ओंकार एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो. दोघं मिरकाबमधल्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतात आणि तिचा लिफ्टवर भरवसा नसल्यामुळे जिन्यानेच चढतात. ओंकार इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक सहलीत सांगतो की लग्नाला हो म्हणायच्या आधी हिने त्याला जीभ बाहेर काढून दाखवायला लावली होती. लोक हसतात. मला ते शब्दशः खरं वाटतं.

बकालावाल्याने, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने, अंडी दिली की ती घरी पाण्यात बुडवून बघणार. टॅक्सीवाल्याने वळण बदललं की फोनवर नकाशा उघडणार. कुणी सहज "आज छान दिसतेस" म्हटलं तर "का?" असं विचारणार. मंडळात तिचं नाव इन्स्पेक्टरबाई. तिला ते माहीत आहे, आणि कोणी ठेवलं याचाही तिला संशय आहे. तो खरा आहे, पण ते जाऊ दे.

मी सुमन बिराजदार. उदगीरची. कुवेतमधल्याच एगैला भागात राहते, एका कंपनीत अकाउंट्स बघते. माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. असेल. पण मी उगाच कुणावर संशय घेत नाही, असं निदान त्या शनिवारपर्यंत मला वाटत होतं.

आमच्या समोरच्या दारात धैर्यशील आणि श्वेता राहतात. तो पुण्याचा, तेलाच्या रिफायनरीत इंजिनिअर. उंचापुरा, हसरा, जिन्यात भेटला की हातातल्या पिशव्या काढून घेणारा. ती मुंबईची, घरूनच एका कंपनीचं काम करते. त्या उन्हाळ्यात श्वेता जरा उतरलेली दिसायला लागली. एकदा चहाला बसवून विचारलं तेव्हा तिने सांगितलं की धैर्यशील दर शुक्रवारी सकाळी बाहेर पडतो. इथल्या सुट्टीच्या दिवशी! प्लांटवर काम आहे म्हणतो. दुपारी घामाने निथळत येतो, आल्या आल्या अंघोळीला पळतो, आणि काही विचारलं की हसून विषय बदलतो.

"सुमनकाकू, प्लांटवरून आलेल्या माणसाला इतकं खूश कुणी बघितलंय?" ती म्हणाली.

मी तिला समजावलं, पण माझ्याही मनात पाल चुकचुकली. माझा नवरा तीस वर्षं प्लांटवर जातोय. तो हसत आलेला मला आठवत नाही.

एका शुक्रवारी दुपारी श्वेताने दार वाजवलं. धैर्यशीलला उलट्या होत होत्या. तो सोफ्यावर अंगाचं मुटकुळं करून पडला होता आणि म्हणत होता, "काही नाही, काकू. नाश्त्याला मिसळ जास्त झाली." कुठली मिसळ, कुणाबरोबर, हे त्याने सांगितलं नाही. आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पोट दाबलं, पोट मऊ. सोनोग्राफी केली, त्यात काही नाही. रक्तही बरंचसं ठीक. रुग्ण स्वतःच मिसळ म्हणतोय म्हटल्यावर त्याने ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. त्यात त्या डॉक्टरचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी धैर्यशीलला बरंही वाटलं होतं.

शनिवारी सकाळी मात्र उलटी हिरवी झाली. अंगात कणकण, नाडी पळतेय, आणि दुखणं पोटातून आरपार पाठीत गेलेलं. परत तेच हॉस्पिटल. या वेळी तिथल्या डॉक्टरने वरून सर्जनला बोलावलं, आणि जिना उतरून आली ती शलाका. कपाळाला आठ्या आधीपासूनच होत्या. मला बघून तिने मानसुद्धा हलवली नाही.

तिने त्याचं पोट दाबलं. पुन्हा दाबलं. मग पाठीवर, उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली दाबलं, तेव्हा तो कळवळला. तिने शर्ट वर केला. बेंबीच्या वर, जरा उजवीकडे, एक पुसट लाल रेघ होती. आपण लक्ष दिलं नाही तर दिसणार नाही, अशी.

"हे काय?"

"बेल्ट रुतला असेल," धैर्यशील म्हणाला.

"बेल्ट सरळ असतो. ही कमान आहे."

तिने त्याचे हात उलटे करून बघितले. तळव्यावर फोड होते, एका बोटाला पट्टी होती.

"आणि हे?"

"जिम."

"कुठली जिम?"

त्याने डोळे मिटून घेतले. दुखतंय म्हणून मिटले की उत्तर नाही म्हणून, हे मलाही कळलं नाही. शलाकाने त्याच्याकडे बघितलं, मग श्वेताकडे बघितलं, आणि श्वेताकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

तिने धैर्यशीलचं खाणंपिणं बंद केलं, नाकातून पोटात नळी घातली, सलाइन लावलं, रक्त पुन्हा पाठवलं आणि सीटी स्कॅनला लिहून दिलं. मग श्वेताला पडद्यामागे घेतलं. मी अर्थातच मागे गेले.

"तुमचं भांडण झालं होतं का?" शलाकाने विचारलं.

"म्हणजे?"

"त्याला कुणी मारलंय. लाथ, गुडघा, काठी, काहीतरी. घरात कोण कोण असतं? तुझा भाऊ इकडे आहे का?"

श्वेताचा चेहरा पांढराफटक पडला. मला राहवलं नाही. "शलाका, लाज वाटते का तुला?" मी इतक्या मोठ्याने म्हटलं की पलीकडचा पेशंट उठून बसला. "ही पोरगी काल दुपारपासून अन्नाला शिवली नाही, आणि तू तिला गुन्हेगारासारखं विचारतेस? माझा मोदक हुंगलास तो हुंगलास, आता माणसं हुंगायला लागलीस!"

"सुमन, आवाज कमी," ती म्हणाली. तेवढंच. आणि माझ्यादेखत फोन उचलून हॉस्पिटलातल्या पोलीस चौकीला तिने कळवलं की एका पेशंटच्या पोटावर मार दिसतोय, कारण सांगत नाही, मारहाणीचा संशय आहे.

मी तिच्याशी बोलायचं नाही असं त्या क्षणी ठरवलं. ते तासभरही टिकलं नाही, कारण सीटी झाल्यावर तीच कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. श्वेता आत धैर्यशीलपाशी होती.

"तुला सांगते, कारण तिला आत्ता झेपणार नाही," ती म्हणाली. "जठराच्या पुढे लहान आतड्याचं पहिलं वळण असतं. ड्युओडेनम." तिने हवेत बोटाने अर्धगोल काढला. "ते पोटाच्या पडद्यामागे असतं, पार पाठीच्या कण्याला टेकून. समोरून जोरात काही बसलं की ते मणक्यावर चिरडतं. पण मागे असल्यामुळे फुटलं तरी पोट वरून मऊच लागतं. सोनोग्राफीत दिसत नाही. माणूस उठून चालतो, बोलतो, मिसळीला नावं ठेवतो. आणि आतून पित्त झिरपत राहतं."

"मग स्कॅनमध्ये काय दिसलं?"

"तिथली भिंत सुजलीय. एवढंच. कदाचित भिंतीत नुसतं रक्त साकळलं असेल. तसं असेल तर चाकू लावायचाच नाही, नळी ठेवायची आणि वाट बघायची, आपोआप विरघळतं. किंवा जुना अल्सर असेल, स्वादुपिंडाची सूज असेल. आमचे कन्सल्टंट म्हणतात, मार लागल्याचं पेशंट कबूल करत नाही, तेव्हा उद्यापर्यंत बघू. आणि माझ्या मते ते फाटलंय."

"आणि फाटलं असेल तर?"

"तर उद्यापर्यंत बघत बसलो की तो जातो," शलाका म्हणाली. "म्हणून मला कळायला हवं. काय लागलं आणि किती जोरात. तो कुणाला तरी वाचवतोय, सुमन. मला आधी वाटलं बायकोला."

"आणि आता?"

"अजूनही वाटतं. पण कमी."

तिला एक थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, आणि तिचा हात घट्ट धरून ठेवावा असंही वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. आत जाऊन धैर्यशीलला मी हात जोडले. म्हटलं, बाबा, जे असेल ते सांग, बाई असेल तरी सांग, श्वेता बघून घेईल. नाकात नळी घातलेला तो माणूस माझ्याकडे बघून कसनुसा हसला. "काकू, बाई नाहीये," एवढंच म्हणाला, आणि मान भिंतीकडे वळवली.

श्वेताच्या हातात त्याचा फोन होता. तो सारखा थरथरत होता. पडद्यावर एकच नाव: यूनुस. तिने उचलला की पलीकडून बंद.

"हा कोण यूनुस?" मी विचारलं.

"मला काय माहीत, काकू? मला कुठे काय माहीत असतं?" ती रडायलाच लागली.

थोड्या वेळाने कॉरिडॉरमध्ये एक माणूस दिसला. पन्नाशीचा, आखूड दाढी, निळा कामाचा शर्ट, हातात थर्मास. वॉर्डच्या दारापर्यंत यायचा, काचेतून आत बघायचा, पुन्हा लिफ्टकडे जायचा. मी त्याला बघितलं आणि सोडून दिलं. शलाकाने सोडलं नाही. दोन फेऱ्या होऊ दिल्या आणि तिसऱ्या फेरीला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुणाला शोधताय?"

तो इतका दचकला की थर्मासचं झाकण खाली पडलं. "धैर्यभाई... म्हंजे, आमचा दोस्त हाय. बघूला आलो. बरा हाय ना तो?"

कोकणातलं मराठी. दापोली-मंडणगडकडच्या मुसलमानांचं. मी लगेच उठले.

"बरा नाही," शलाका म्हणाली. "मरायला टेकलाय. काय लागलं त्याला?"

त्याने थर्मास छातीशी धरला. "मॅडम, मी यू..."

"नाव नको," शलाकाने त्याला तोडलं. "काय लागलं ते सांगा."

"अर्दियात..."

"कुठे ते विचारलं नाही मी. काय लागलं? कसं लागलं?"

माझं डोकं पुन्हा फिरलं. बापाच्या वयाचा नसला तरी मोठ्या भावाच्या वयाचा माणूस, घाबराघुबरा होऊन आलेला, आपलं नाव सांगतोय, आणि ही बाई त्याला नावसुद्धा सांगू देत नाही. इतका उद्धटपणा! पण तो माणूस तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याचे खांदे एकदम खाली आले.

"ढोल," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. मंडळाने या वर्षी गणपतीत ढोल नको असं ठरवलं होतं. जमाव, आवाज, परवानगी, नसती आफत नको म्हणून. धैर्यशील पुण्यात पथकात वाढलेला. त्याला ते सहन होईना. त्याने आणि चार-पाच जणांनी गुपचूप सराव करायचं ठरवलं, घरीसुद्धा सांगायचं नाही अशी शपथ घालून, कारण घरी सांगितलं की ते संध्याकाळपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं. विसर्जनाच्या आधी हॉलचं दार लावून एकदा वाजवायचा, बायकापोरांना थक्क करायचं, एवढाच बेत. सरावाला जागा दिली या माणसाने. तो एका गोदामाचा स्टोअरकीपर. शुक्रवारी तिथे कुणी नसतं. मालकाला विचारलेलं नव्हतं.

"ढोल कमरेला बांधलेला, नि धैर्यभाई नाचत नाचत येत होता," तो म्हणाला. "खाली लाकडाचा पॅलेट पडलेला. पाय अडाकला नि उताणा नाय, पालथा पडला. ढोल खाली, हा वर. पुरा वजन. ढोलाचा कडा इथं..." त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "पण मॅडम, तो उठला! हसला! बोललान, ताल चुकला नाय ना? नि अजून एक हात वाजवलान. मग म्हणालान, कुणाला काय बोलू नका, यूनुसभाईची नोकरी जाईल."

तर याचसाठी. श्वेता माझ्या मागे येऊन उभी होती, हे मला तिचा हुंदका ऐकल्यावर कळलं. ज्या शुक्रवारांवर आम्ही दोघींनी इतके दिवस काय काय रचलं होतं, ते हे शुक्रवार. मला माझीच शरम वाटली.

"मला ढोल बघायचाय," शलाका म्हणाली.

तुम्हाला वाटेल, आता तरी विश्वास ठेवावा. पण विश्वास ठेवेल तर ती शलाका कसली. आणि ढोल जवळच होता. पोलिसांचं काही झालं तर गोदामात सापडू नये म्हणून यूनुसने तो पिकअपमध्ये घालून, वर ताडपत्री टाकून बरोबर आणला होता. आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. ऊन असं की डांबर मऊ लागत होतं. ताडपत्री काढली. फायबरचा मोठा ढोल, एका बाजूला तडा गेलेला, आणि तिथेच लोखंडी कडं जरासं चेपलेलं.

पांढरा कोट घातलेल्या त्या बाईने तो ढोल उचलून स्वतःच्या पोटावर घेतला. "बांधा," ती यूनुसला म्हणाली. त्याने संकोचत दोरी तिच्या कमरेमागे आवळली. मग ती हळूहळू पुढे वाकली, पिकअपच्या फळीवर ढोल टेकवला आणि त्याच्यावर वजन टाकलं. एकदा सरळ. मग ढोल जरा तिरका करून. एक अरबी कुटुंब गाडीत बसता बसता थांबून बघत होतं. कडं तिच्या बेंबीच्या वर, जरा उजवीकडे रुतलं, तशी ती थांबली. बोटाने ती गोलाई चाचपली.

"हीच," ती म्हणाली. "सोडा मला."

दोरी सुटली तशी ती धावत सुटली. जाता जाता वळून म्हणाली, "ढोल माझ्या गाडीत ठेवा. ओंकारची जुनी राखाडी. किल्ली सुमनकडे देते." आणि किल्ली माझ्याकडे फेकली. मला वाटलं, झालं, पुरावा जप्त केला. यूनुसलाही तेच वाटलं असणार. तरी त्याने मुकाट्याने ढोल तिच्या डिकीत ठेवला आणि आपल्या रुमालाने त्याच्यावरची धूळ पुसली.

वर मी पोचले तेव्हा शलाका धैर्यशीलच्या कानाशी वाकून बोलत होती. "ढोल सापडला. आता गप्प बसून कुणाचं भलं होणार नाही. पालथा पडलास, ढोल खाली. बरोबर?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "यूनुसभाईला काही..."

"मी जे विचारलं त्याचं उत्तर दे."

"बरोबर," तो म्हणाला.

मग ती कन्सल्टंटकडे गेली आणि भांडली. बंद दाराबाहेर मला तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. ते वयस्क गृहस्थ बाहेर आले ते स्वतःच ट्रॉली ढकलायला हात लावत. धैर्यशीलच्या नळीतून रंगीत औषध पोटात सोडून पुन्हा सीटी केला. या वेळी दिसलं. उजव्या मूत्रपिंडाशेजारी हवेचे बारीक बुडबुडे होते, जिथे हवा असायचं काही कारणच नव्हतं, आणि औषधाचा एक ओघळ वळणाच्या मागे बाहेर आला होता.

सहीचा कागद श्वेतापुढे आला. शलाकाने पेन तिच्या बोटांत नीट धरवलं. "बरा होईल ना?" श्वेताने विचारलं. कुणीही अशा वेळी हो म्हणतं. ही म्हणाली, "माहीत नाही. उशीर झालाय. मी आत लक्ष ठेवते." त्याच वेळी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्यावर कधी अशी वेळ आली तर आत हीच असावी.

आम्ही बाहेर बसलो. मी, श्वेता, आणि जरा लांबच्या खुर्चीवर यूनुस. त्याने थर्मासमधला चहा श्वेताला दिला. "भाभी, आमच्या घरचा हाय," म्हणाला, आणि बायको, शाळेतली मुलगी, भाड्याच्या दोन खोल्या, असं घरचंही थोडं सांगितलं. तो जाऊ शकला असता. पोलीस येणार हे त्याला मी सांगितलं होतं. तरी तो तिथेच बसून राहिला, ओठ हलवत, दुवा मागत.

दार उघडलं तेव्हा शलाकाच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. आत काय झालं ते तिने तिच्या पद्धतीने सांगितलं. पोट उघडल्यावर समोरून सगळं ठीकच दिसत होतं. वळणाच्या उजव्या कडेने पडदा सोडवून ते अख्खं डावीकडे उलटलं, तेव्हा मागे हिरवट डाग दिसला, आणि डागाच्या मध्ये चीर.

"कडा साफ करून शिवली," ती म्हणाली. "चीर उभी होती, आडवी शिवली. बाही उभी फाटली आणि तशीच उभी दाबून शिवली तर हात जात नाही ना, तसं. रस्ता अरुंद झाला नाही पाहिजे. मग नळीतून निळं पाणी सोडून बघितलं, कुठे गळतंय का. नाही गळलं. मी पुन्हा सोडायला लावलं."

"का?"

"पहिल्यांदा नाही गळलं म्हणून."

वर पोटातल्या चरबीचा पदर पांघरला होता, शेजारी पाझर बाहेर काढायच्या नळ्या होत्या, आणि खालच्या आतड्यात जेवणासाठी वेगळी बारीक नळी, म्हणजे शिवलेल्या जागेला विसावा मिळावा. पुढचे कित्येक दिवस शलाका रोज त्या नळ्यांतलं पाणी उजेडाकडे धरून बघायची, आपल्या अंड्यांकडे बघते तसंच. हिरवं दिसलं तर टाका सुटला. श्वेताचा आणि माझा जीव टांगणीला. हिरवं कधी दिसलं नाही.

पोलीस आला तो ऑपरेशननंतर, धैर्यशील जरा बोलायला लागल्यावर. तरुण अधिकारी, इंग्रजीत बोलणारा, सभ्य. मी श्वेतासाठी डबा घेऊन आले होते आणि मला वाटलं, झालं, आता यूनुसचं नाव येणार. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, आणि इकामा गेला की बायको, शाळेतली मुलगी, भाड्याचं घर, सगळंच आवरायचं. दोन खोल्यांच्या त्या संसाराला एका दुपारी आग लागणार होती, आणि काडी याच बाईने लावली होती, त्या फोनने.

"तुम्ही मारहाण कळवलीत," अधिकारी शलाकाला म्हणाला.

"संशय कळवला होता. तो फिटला. हा ढोल वाजवताना त्याच्यावर पडला. ढोल मी स्वतः बघितलाय, जखमेशी जुळतो. तसं लेखी देते."

"कुठे वाजवत होता?"

"मी विचारलं नाही."

"ढोल कुणी आणला?"

"एक माणूस आला होता."

"त्याचं नाव?"

"विचारलं नाही."

अधिकाऱ्याने तिच्याकडे बघितलं. ती डोळ्याला डोळा भिडवून, कपाळाला नेहमीच्या आठ्या घालून उभी होती. धैर्यशील पलंगावरून म्हणाला, "सर, माझाच पाय अडकला. माझी कुणाबद्दल तक्रार नाही." अधिकाऱ्याने खांदे उडवले, सही घेतली आणि "शिफा मिळो", म्हणजे लवकर बरा हो, असं म्हणून गेला.

माझ्या हातात डबा तसाच होता. दह्याला जन्मदाखला विचारणारी ही बाई! त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तिने यूनुसला तोडलं होतं, ते "नाव नको", ते "कुठे ते विचारलं नाही मी", आणि मी तिला उद्धट म्हटलं होतं. ढोल तिच्या डिकीत का गेला, तेही आता कळलं. पिकअप तपासली असती तर त्यात काही सापडू नये म्हणून.

"शलाका," मी म्हटलं, "तू मुद्दाम..."

"डब्यात काय आहे?" तिने झाकण उघडून बघितलं. "तेल जास्त दिसतंय. श्वेताला दे, त्याला हुंगूसुद्धा देऊ नकोस."

गणपती बसले तेव्हा धैर्यशील घरी होता. शर्ट अंगावर लोंबत होता, आरतीला तो खुर्चीवर बसूनच टाळ वाजवणार होता. श्वेताने मोजकी माणसं बोलावली होती. यूनुस बायकोने केलेल्या नारळाच्या वड्या घेऊन आला होता, आणि दाराशी चपला काढून तिथेच, चपलांशेजारी उभा होता. आत ये म्हटलं तरी "हितं बरा हाय" म्हणत होता. शलाका येणार हे त्याला माहीत होतं आणि तिची भीती त्याच्या मनातून गेली नव्हती.

जिन्यावरून धापा टाकत ओंकार आला. त्याच्या हातात ढोल होता, तडा गेलेल्या जागी नीट पट्टी चिकटवलेली. मागून शलाका. तिने ढोल ओंकारकडून घेतला आणि कुणाशी न बोलता सरळ यूनुससमोर जाऊन उभी राहिली. तो भिंतीला टेकला.

"हा तुमच्याकडचा," ती म्हणाली. ढोल त्याच्या हातात दिला. "आता सांगा. नाव काय तुमचं?"

यूनुसचा चेहरा उजळला. "यूनुस परकार, मॅडम. गाव दापोलीपलीकडं. अर्दियात नोकरीला. बायको सकीना, पोरगी नववीत." इतके दिवस अडवून ठेवलेलं सगळं त्याने एका दमात सांगितलं. शलाका शेवटपर्यंत ऐकत होती. मधे एकदाही तोडलं नाही.

त्याने घाईघाईने वड्यांचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. मी वाट बघत होते. आता हुंगणार, आता विचारणार, नारळ कधी फोडला. तिने एक वडी उचलली आणि तोंडात टाकली.

खरं सांगते, मला रागच आला. माझे मोदक हुंगते आणि याच्या वड्या खाते! पण डोळेही भरून आले होते. पुढे झाले आणि यूनुसला हाताला धरून आत आणलं, कारण आरती सुरू व्हायची होती.